सासूबाईंचं पोतं, ह्यांचं पाकीट

प्रश्न : आम्ही मंगळवार पेठेत राहतो. घरात पाच माणसं. सासूबाईंचा हिशेब वर्षाचा. उन्हाळ्यात गहू आणि चटणीची मिरची, दिवाळीनंतर तांदूळ. ह्यांचा हिशेब पगाराचा. महिन्याच्या पहिल्या रविवारी मॉलमध्ये जायचं आणि ‘मोठं पाकीट स्वस्त पडतं’ म्हणत ट्रॉली भरायची. मला मात्र कोपऱ्यावरच्या दुकानातून लागेल तसं आणायला बरं वाटतं. घर लहान आहे, पलंगाखाली पोतं आणि गॅलरीत डबे. दोघंही म्हणतात, एकदम घेतलं की पैसे वाचतात. मग वाचलेले पैसे जातात कुठं? खरंच बचत होते का? आणि हो, सासूबाईंच्या दोन पत्र्याच्या कोठ्या आहेत. त्या भंगारात घालायच्या का ठेवायच्या, तेही सांगा.
— एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर

उत्तर : कोठ्यांचं शेवटी बघू. आधी तुमच्या घरातला एक घोळ निस्तरला पाहिजे. सासूबाई आणि तुमचे मिस्टर एकच वाक्य बोलतात, पण दोघांची खरेदी एक नव्हे. सासूबाई हंगाम विकत घेतात, मिस्टर पाकीट. हंगामात माल स्वस्त होतो तो आवक वाढते म्हणून. तुमच्या घरावर उपकार करायचे म्हणून कुणी तो स्वस्त करत नाही. पाकिटावरचा आकडा मात्र कुणीतरी ऑफिसात बसून, नेमका तुमच्या मिस्टरांसारखा माणूस डोळ्यांपुढं ठेवून लिहिलेला असतो. पहिल्यात फायदा असला तर तो शोधावा लागतो. दुसऱ्यात तो पाकिटावरच मोठ्या अक्षरात छापलेला असतो, आणि म्हणूनच तो तपासून घ्यावा लागतो.

सासूबाईंपासून सुरुवात करतो, कारण त्यांच्या हिशेबाला कोल्हापुरात कोण हात लावत नाही.

मार्चअखेर लक्ष्मीपुरीत गेलात तर मिरचीची पोती तोंड उघडून बसलेली असतात आणि गिऱ्हाईक शिंकतच भाव करत असतं. जाणती बाई आधी भाव विचारत नाही. मूठभर मिरची उचलते, कानाजवळ हलवते. आत बी खुळखुळलं तर मिरची वाळलेली. मग एक मिरची मोडते. कडकन मोडली तर ठीक, वाकली तर ओल आहे. ओल्या मिरचीत दोन नुकसानी असतात. पाण्याचे पैसे मिरचीच्या भावानं जातात, आणि पावसाळ्यात बुरशी येते ती वेगळीच. रंगाला ब्याडगी, चवीला संकेश्वरी, झणक्याला लवंगी किंवा गुंटूर. प्रत्येक घराचं प्रमाण वेगळं आणि प्रत्येक घराला आपलंच बरोबर वाटतं. ब्याडगी हावेरी जिल्ह्यातली. तिला २०११ साली भौगोलिक मानांकन मिळालं. संकेश्वरी त्याहून जवळची, गडहिंग्लजच्या बाजारातली, आणि भावाला बरीच वरची. पुढं देठं काढायची, उन्हात टाकायची, कांदा चिरून वाळवायचा, खोबरं-तीळ-धणे भाजायचे, लसूण सोलायचा आणि मग कांडपाला नंबर लावायचा. तिथं रांग असते. डोळे लाल झालेले असतात. घरी आल्यावर बरणीत हिंगाचे खडे पुरून चटणी दाबून भरली की वर्षाची काळजी मिटली.

आता यात पैसे वाचतात का? सासूबाईंना वाचून दाखवणार असाल तर हा परिच्छेद गाळा. सगळं मांडलं, म्हणजे किलोमागं देठात गेलेलं वजन, खोबरं, लसूण, गरम मसाला, कांडपाची मजुरी, रिक्षा, आणि देठं काढत बसलेल्या तीन बायकांची एक दुपार, तर बाजारातलं स्वस्त तिखटाचं पाकीट वर्षभर आणलं असतं तरी खर्चात फार अंतर पडलं नसतं. कदाचित पाकीटच खाली निघेल. पण पाकिटातलं तिखट आणि बरणीतली चटणी हा एक माल नव्हेच. कांदा-लसूण चटणी वर्षाची करायची ती चवीसाठी आणि आत काय घातलंय ते माहीत असावं यासाठी. तो खर्च जरूर करा. बचतीच्या रकान्यात तेवढा मांडू नका. एकदम खरेदीच्या निम्म्या गोंधळाचं मूळ इथंच आहे. आपण दोन वेगळ्या वस्तूंचे भाव शेजारी ठेवतो आणि एकीला स्वस्त म्हणतो.

तांदळाचं गणित सासूबाईंच्या बाजूनं जास्त सरळ आहे. सुगीनंतर नवा तांदूळ येतो तेव्हा भाव उतरलेला असतो, आणि तांदूळ हा घरात पडून सुधारणारा माल आहे. नवा भात चिकट होतो, जुना मोकळा. दुकानदार जुन्या तांदळाला जादा भाव लावतो तो त्यानं वर्षभर जागा अडवली, पैसा अडकवला म्हणून. तेच काम तुमच्या पलंगाखालचं पोतं फुकट करतं. आजरा घनसाळसारखा तांदूळ (याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं) ओळखीच्या शेतकऱ्याकडून सुगीत घेतला तर भेसळीची शंकाही जाते. अर्थात ओळखीचा शेतकरी हवा. ओळखीच्या दुकानदाराच्या ओळखीचा शेतकरी चालत नाही.

गव्हाला मात्र वही काढावी लागेल. आकडे मी सोयीसाठी धरतोय, तुम्ही तुमचे घाला. समजा तुम्हाला महिन्याला १५ किलो गहू लागतो, म्हणजे वर्षाला १८० किलो. हंगामात पोत्यानं घेतला तर ३६ रुपये किलो, दुकानातून महिन्याला घेतला तर सरासरी ४० रुपये. किलोमागं ४ रुपये, वर्षाला ७२० रुपये वाचले. सासूबाई इथं थांबतात. पण ६,४८० रुपये एप्रिलमध्येच बाहेर गेले. गहू हळूहळू संपतो, म्हणजे वर्षभरात सरासरी निम्मी रक्कम, ३,२४० रुपये, कोठीत अडकून राहिली. बँकेत ठेवली असती तर ७ टक्क्यांनी २२७ रुपये व्याज आलं असतं. ते वजा केलं तरी ४९३ रुपये उरतात. वाईट नाही. पण हीच खरेदी क्रेडिट कार्डावर केली आणि थकवली, महिना ३ टक्के व्याज लागलं, तर वर्षाचं व्याज १,१६६ रुपये. म्हणजे ७२० वाचवायला ४४६ रुपये पदरचे घातले. पोतं तेच, गहू तोच. पैसा कुणाचा वापरला, एवढाच फरक.

आणि किडीचा हिशेब अजून मांडलेलाच नाही. ३६ आणि ४० मध्ये दहा टक्क्यांचं अंतर आहे. दहा किलोतला एक किलो गहू वाया गेला की सगळी बचत साफ. दीड किलो गेला की तोटा. कोल्हापूरच्या पावसात दहातला एक किलो जाणं अवघड नाही. हे मी अनुभवावरून सांगतोय. दोन वर्षांपूर्वी मलाही अक्कल सुचली होती. घाऊक भाव मिळतोय म्हणून दहा किलो अख्खे मूग घेतले, चकचकीत डब्यात भरले, झाकणावर तारीख लिहिली. श्रावणात डबा उघडून हात घातला तर बोटांना पीठ लागलं. प्रत्येक मुगाला टाचणीनं पाडल्यासारखं एक गोल भोक, आणि डब्याच्या कडेनं भुंगे आरामात फिरताहेत. आई मागं उभी होती. म्हणाली, ‘ऊन दाखिवलंवतंस काय रं?’ दाखवलं नव्हतं. डाळ घेतली असती तर कदाचित वाचली असती, कारण हा भुंगा अख्ख्या कडधान्यावर अंडी घालतो. फोडलेल्या डाळीला त्याचा त्रास बराच कमी. ते मूग शेवटी कबुतरांनीही मन लावून खाल्ले नाहीत.

तेव्हा गव्हाला एरंडेल चोळणं, कडक ऊन देणं, पूर्ण गार झाल्यावरच भरणं, कडुलिंबाचा वाळलेला पाला घालणं, या सासूबाईंच्या खटपटीला जुनाट म्हणून हसू नका. त्या खटपटीवरच सगळी बचत उभी आहे. ती करणारं माणूस घरात असेल तर पोतं परवडतं. नसेल तर तुमचं कोपऱ्यावरचं दुकान बरं.

आता मिस्टरांची ट्रॉली.

मोठं पाकीट लहानापेक्षा किलोमागं स्वस्त असतं, हा समज बहुतेक वेळा खरा असतो. अडचण ‘बहुतेक’ या शब्दाची आहे. अमेरिकेत १९७०च्या दशकातच संशोधकांनी सुपरमार्केटमधल्या किमती तपासल्या तेव्हा कित्येक वस्तूंचं मोठं पाकीट उलट महाग निघालं. गिऱ्हाईक मोठं पाकीट बघून हिशेब करायचं थांबतं, हे कंपन्यांना ठाऊक असतं. आपल्याकडं तर याचा नमुना न्हाणीघरातच आहे. शाम्पूची रुपयाची पुडी आणि त्याच शाम्पूची बाटली घ्या. समजा पुडीत साडेपाच मिली आहे, म्हणजे मिलीला साधारण १८ पैसे. बाटली १८० मिलीची, १३० रुपयांना, म्हणजे मिलीला ७२ पैसे. चौपट! खात्री नसेल तर आज संध्याकाळी दुकानात उभं राहून तुमच्या आवडत्या शाम्पूचे आकडे घालून बघा. शाम्पू पुडीत भरून विकायची कल्पना तामिळनाडूतल्या कडलूरच्या चिन्नी कृष्णन यांची. त्यांचे चिरंजीव सी. के. रंगनाथन यांनी १९८३ साली ‘चिक’ शाम्पू काढला आणि पुडी गावोगाव पोचवली. पुडीचं गिऱ्हाईक हातातलं नाणं बघून घेतं, म्हणून तिथं कंपन्यांची रस्सीखेच पैशापैशावर चालते. बाटलीचं गिऱ्हाईक नाव आणि वास बघून घेतं. त्याला मिलीचा भाव कुणी विचारायला लावत नाही.

मिलीचा, ग्रॅमचा भाव आता पाकिटावरच छापलेला असतो, हे मिस्टरांना सांगा. १ जानेवारी २०२४ पासून आवेष्टित मालावर एमआरपीच्या जोडीला एकक विक्री किंमत छापणं सक्तीचं आहे. अक्षरं बारीक असतात, चष्मा न्या. त्यातही एक गंमत आहे. पाकीट किलोच्या आतलं असेल तर भाव ग्रॅमला छापतात, किलोच्या वर असेल तर किलोला. म्हणजे ८०० ग्रॅमच्या पाकिटावर ‘०.२२ रुपये प्रति ग्रॅम’ आणि दीड किलोच्या पाकिटावर ‘२१० रुपये प्रति किलो’. उभ्या उभ्या हजारानं गुणलं तरच कळतं की पहिलं २२० रुपये किलो पडतंय आणि मोठ्या पाकिटात किलोला फक्त दहा रुपये वाचताहेत. ट्रॉलीत मूल बसवलेलं असताना हे गुणाकार कोण करणार?

तेलाच्या डब्यात तर याहून मोठी मेख आहे. डबा दिसायला एकसारखाच, पण एकावर १५ किलो लिहिलेलं असतं, दुसऱ्यावर १५ लिटर. तेल पाण्यापेक्षा हलकं. एक लिटर खाद्यतेल साधारण ९१० ग्रॅम भरतं. म्हणजे १५ लिटरच्या डब्यात तेल आहे १३ किलो ६५० ग्रॅम. समजा १५ किलोचा डबा २,२५० रुपयांना आहे आणि लिटरची पिशवी १४० रुपयांना. डबा १५० रुपये किलो, पिशवी १४० रुपये लिटर, म्हणून पिशवी स्वस्त वाटते. पण पिशवीत ९१० ग्रॅमच आहे, किलोला तिचा भाव पडतो जवळपास १५४. डबाच स्वस्त. आता तोच डबा १५ लिटरचा असेल आणि २,१०० रुपयांना असेल, तर त्याचा भाव पिशवीइतकाच, किलोमागं १५४. दुकानातून घरापर्यंत वाहून आणलात ती हमाली तुमची. पूर्वी काही कंपन्या पिशवीवर ६० अंश तापमान छापून मिलीलिटर मांडायच्या. तेल तापलं की फुगतं, म्हणजे तेवढ्याच तेलाचं माप जास्त दिसतं. ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं ते तापमान काढून टाकायला आणि मापासोबत वजनही छापायला सांगितलं. तेव्हा तेल घेताना लिटर विसरा, ग्रॅम वाचा.

मधल्या आकाराच्या पाकिटाची आणखी एक कथा आहे, आणि ती तुमच्या बाजूची आहे. १८ जुलै २०२२ पासून आधीच पॅक करून लेबल लावलेल्या धान्य, डाळी आणि पिठावर ५ टक्के जीएसटी लागला, पण २५ किलोपर्यंतच्या पॅकिंगलाच. २५ किलोचा तांदळाचा कट्टा कराच्या आत, २६ किलोचा बाहेर. लगेच काही ठिकाणी २६ किलोचे कट्टे बाजारात आले, यात आश्चर्य ते काय! आणि पोत्यातून सुटं मोजून घेतलेल्या धान्यालाही हा कर नाही. म्हणजे सासूबाईंचं पोतं सुटलं, तुमचं कोपऱ्यावरच्या दुकानातलं सुटं दोन किलोही सुटलं; सापडलं ते मिस्टरांचं पाच किलोचं चकचकीत पाकीट. हे त्यांना जेवताना सांगू नका.

तरी त्यांची एक बाजू घेतो. साबण, कपडे धुण्याची पावडर, फिनेल, टूथपेस्ट या मालाला भुंगा लागत नाही. आंघोळीचा साबण तर पडून राहिला की कडक होतो आणि कमी झिजतो. जुन्या बायका वड्या मुद्दाम सुकवून ठेवायच्या. अशा वस्तू सवलतीत मिळाल्या तर वर्षाच्या घेतल्या तरी हरकत नाही. नासत नाहीत, आणि घरात साबण जास्त आहे म्हणून कुणी दोनदा आंघोळ करत नाही.

हे शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. वाचलेले पैसे जातात कुठं, या तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्यातच आहे. कुसुम ऐलावाडी आणि स्कॉट नेस्लिन या दोन प्राध्यापकांनी १९९८ साली अमेरिकी घरांच्या खरेदीचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. घरात जास्त माल आला की लोक तो जास्त खातात का, हा प्रश्न. त्यांनी दोन वस्तू घेतल्या, दही आणि केचप. केचपचा खप फारसा हलला नाही. दही घरात आलं तसं भराभर संपलं. आपल्या घरात केचपच्या जागी मीठ ठेवा आणि दह्याच्या जागी फरसाण. मोठं पाकीट आणलं म्हणून कुणी आमटीत दुप्पट मीठ घालत नाही. फरसाणाचा किलोचा पुडा मात्र टीव्हीसमोर अर्ध्या किलोच्या वेगानं संपत नाही, किलोच्याच वेगानं संपतो. तेलाचंही थोडंफार तसंच. लिटरची पिशवी संपत आली की हात आपोआप आखडतो. डब्यात पळी बुडवताना तळ दिसत नाही, आणि त्या महिन्यात भजी दोनदा जास्त होतात. किलोमागं चार रुपये वाचले, किलो मात्र दीड झाले. तुमच्या घरातले वाचलेले पैसे भज्यांत गेलेत असा माझा संशय आहे. मॉलच्या फेरीतलं पेट्रोल आणि पोरांची आइस्क्रीम धरली तर संशय पक्का.

एक गोष्ट तुमच्या प्रश्नात नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. एकदम खरेदीत बचत असली तरी ती करायला हातात एकदम पैसा लागतो. आपल्या जिल्ह्यात पैसा येण्याच्या वेळा ठरलेल्या आहेत. ऊसवाल्याकडं कारखान्याचं बिल आलं की येतो, आणि सभासद असेल तर सवलतीची साखरही पोत्यानं येते. दूधवाल्याकडं दहा दिवसाला बिल आणि दिवाळीच्या तोंडाला फरक. नोकरदाराकडं एक तारखेला. रोजंदारीवरच्या बाईकडं रोज संध्याकाळी, आणि ती रोज संध्याकाळी पावशेर तेल, अर्धा किलो तांदूळ नेते. किलोमागं सगळ्यात जास्त पैसे तीच मोजते. विजयेंद्र राव या अर्थतज्ज्ञांनी दक्षिण भारतातल्या खेड्यांतले भाव तपासून २००० साली नेमकं हेच मांडलं. गरीब कुटुंबं थोडं थोडं घेतात म्हणून त्याच वस्तूला जास्त भाव देतात, त्यामुळं उत्पन्नाच्या आकड्यांत दिसते त्यापेक्षा खरी विषमता जास्त असते. २०१९ साली अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी तिथल्या गरीब घरांच्या टॉयलेट पेपरच्या खरेदीचा अभ्यास प्रसिद्ध केला, निष्कर्ष तोच. मोठा पुडा स्वस्त आहे हे त्यांना कळत नाही असं नव्हे. महिन्याच्या सुरुवातीला हातात पैसे असतात तेव्हा तेही मोठा पुडा घेतात. नंतर पैसे नसतात. आपण ‘त्यांना हिशेब कळत नाही’ म्हणतो तेव्हा बहुधा आपल्यालाच कळलेला नसतो.

आणखी एक रकाना राहिला, ज्याचा भाव काढता येत नाही. ऑगस्ट २०१९ आठवतोय ना? राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. त्या वेळी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली, काही दिवस ट्रक येईनात. गावात दुधाला, भाजीला, पेट्रोलला रांगा. त्या आठवड्यात ज्यांच्या घरात गहू-तांदूळ होता त्यांना दुकानाच्या पायरीवर उभं राहावं लागलं नाही. त्या दिवसांत सासूबाईंच्या कोठीची किंमत ४९३ रुपये नव्हती. उलट प्रयाग चिखली, आंबेवाडीत घरात पाणी शिरलं तेव्हा भरलेली पोती होती तिथंच फुगली, कुजली. वर्षाची बेगमी एका रात्रीत गेली. बेगमी म्हणजे विमा. पण तो खालच्या मजल्यावर उतरवायचा नसतो.

तुमच्या घराला जागा कमी आहे, म्हणून एक मधला मार्ग सुचवतो, तो नवा नाही. पूर्वी वाड्यातल्या चार बिऱ्हाडांत एक पोतं यायचं आणि जोत्यावर तराजू टांगून वाटलं जायचं. आता भिशीच्या बायका आहेत, अपार्टमेंटचा ग्रुप आहे. पन्नास किलो गहू पाच घरांनी घेतला तर भाव पोत्याचा आणि साठा दहा किलोचा. दहा किलो महिन्याभरात संपतो, भुंग्याला संसार थाटायला वेळच मिळत नाही. कांद्याचंही तसंच करा. दहा किलोचा धडा दोन घरांत वाटा. मात्र साठवायचाच असेल तर एप्रिल-मेमधला उन्हाळी कांदा घ्या, तो वाऱ्यावर पसरला तर चार-पाच महिने टिकतो. पावसाळी लाल कांदा पोत्यानं घेणाऱ्याला मी अडवणार नाही, फक्त त्याच्या शेजारी राहणार नाही. वाटणीच्या धंद्यात एक अडचण येते, ती आधीच सांगून ठेवतो. पोत्याच्या तळाचा कचरा आणि बारीक दाणा कुणाच्या वाट्याला, यावर एक तरी मैत्री तुटते. तेव्हा पोतं आधी पूर्ण ओतून, मिसळून, मग मोजा.

थोडक्यात वाटप असं करा. तांदूळ आणि चटणी सासूबाईंकडं. गहू त्यांच्याकडंच, पण वर्षाचा नको, चार महिन्यांचा. आणि पैसे रोखीचे. साबण-पावडर मिस्टरांकडं, चष्म्यासकट. तेल, डाळी, कडधान्य, रवा, पोहे तुमच्याकडं, लागेल तसे. फरसाण कुणीच मोठं आणायचं नाही.

आणि कोठ्या. भंगारवाला पत्र्याच्या कोठीचे जे पैसे देईल त्यात महिन्याचं तेलसुद्धा येणार नाही, तेव्हा घाई करू नका. एक सासूबाईंच्या तांदळाला ठेवा. खाली दोन विटा घाला, ओल लागणार नाही. दुसरी रिकामी होईल असं वाटत होतं. पण तुमचं पत्र पुन्हा वाचलं, ‘गॅलरीत डबे’ हे शब्द बघितले, आणि वाटलं की मिस्टरांच्या साबणांना, पावडरींना कुठंतरी जागा करावीच लागणार आहे.